ख्रिस्तवासी लक्ष्मीबाई टिळक : एका आजीबाईंचे चरित्र

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत एखाद्या आजीबाईंचे चरित्र असावे, ही सूचना पुढे आली तेव्हा ती सर्वांस एकदम पसंत पडली. पसंत पडावी यात नवल नाही. नांदेड व लातूर या जिल्ह्यांत आपली घरे दूरदूर विखुरलेली. धर्मगुरूची फेरी व्हावयाची ती मधून मधून. आणि दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला निघाले म्हणजे पुढचे कित्येक महिने लेकरे आजीच्या पदराखाली राहावयाची. अशा स्थितीत क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना व जपमाळ ही मुलांच्या तोंडी कोणी घातली, असे विचारू गेल्यास बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते. परंतु या आजीबाईंचे चरित्र लिहू म्हटले तर साधन कोठे आहे? त्यांचे जन्मसाल दुष्काळावरून किंवा रझाकारांच्या धामधुमीवरून ताडावे लागते. त्यांनी स्वतः एक ओळ लिहून ठेविली नाही, आणि धर्मग्रामाच्या दप्तरात त्यांची नोंद आहे ती स्नानसंस्कार, विवाह व दफन एवढीच. आपला औरंगाबाद धर्मप्रांतदेखील १९७७ साली स्थापन झालेला. तेव्हा आठवणी लिहून ठेवण्याची चाल आपल्यांत अजून नवीच म्हणावयाची.

म्हणून आम्ही अशा एका आजीबाईंचे चरित्र निवडले आहे, की ज्यांनी आपली हकीकत आपल्याच हाताने लिहिली, आणि तीही अशी लिहिली की मराठी भाषेत तिच्या तोडीचे आत्मचरित्र शोधू गेल्यास हाताच्या बोटांवर मोजावे लागेल. त्या म्हणजे नाशिकच्या लक्ष्मीबाई टिळक. वाचकांपैकी काहींस टिळक हे आडनाव ऐकताच लोकमान्यांची आठवण होईल. परंतु ते टिळक निराळे. आमच्या चरित्रनायिकेचे यजमान म्हणजे ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक होत.

येथे एक शंका कोणी काढील, ती आधीच दूर करितो. लक्ष्मीबाई कॅथलिक नव्हत्या. त्या अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळीतल्या होत्या. आमच्या आजोबांच्या काळी असे चरित्र कॅथलिक धर्मग्रामाच्या पुस्तिकेत आले असते किंवा नाही, याची आम्हांस शंकाच आहे. परंतु १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्ती ऐक्याविषयीचा निर्णय प्रसिद्ध केला, आणि आपल्यापासून विभक्त असलेल्या बंधुभगिनींत जे ख्रिस्ती गुण आढळतील त्यांचा आनंदाने स्वीकार करावा, असे सांगितले. शिवाय नाते म्हणाल तर दुसरेही एक आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म झाला ते जलालपूर गाव नाशिकजवळ गोदावरीच्या काठी आहे. तीच गोदावरी पुढे पैठणावरून नांदेडास येते, आणि लातूरकडची मांजरा नदीही अखेर तिलाच मिळते. एकाच नदीच्या पाण्याचे आपण सर्व.

त्यांचा जन्म १ जून १८६८ रोजी एका चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. माहेरचे आडनाव गोखले व नाव मनकर्णिका. घरात मनू म्हणत. या घरावर १८५७ च्या बंडाची छाया पडलेली होती. मनूच्या आईच्या वडिलांना त्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या धक्क्याने तिच्या वडिलांच्या मनावर असा काही परिणाम झाला की त्यांना सोवळ्याचे वेडच लागले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यावयाचा नाही, शिवाशिवीचा संशय आला की पुन्हा स्नान, पुन्हा धुणे. बायकामुलांनी भीत भीत वावरावे असा तो संसार. पुढे लक्ष्मीबाईंनी ही हकीकत लिहिली तेव्हा तीत वडिलांविषयी कडवटपणाचा लेशही येऊ दिला नाही, उलट वाचणारास हसू फुटते. परंतु हसता हसता त्या आईचे हाल मनाला टोचतात. आमच्या मते लक्ष्मीबाईंच्या पुढील साऱ्या आयुष्याचे बीज येथेच आहे. माणसाच्या स्पर्शाने माणूस विटाळतो, ही कल्पना त्यांनी कोणाच्या व्याख्यानात ऐकिली नव्हती. ती त्यांनी आपल्या घरात भोगिली होती.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. नवरामुलगा नारायण, वय वर्षे अठरा-एकोणीस, मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आई वारल्यावर घर सोडून शिक्षणासाठी नाशकास आलेला. बुद्धी विलक्षण, वाणी रसाळ, अंतःकरण लोण्यासारखे. परंतु संसाराला लागणारी स्थिरता औषधापुरतीही नाही. नोकरी धरावी, तिचा कंटाळा आला की सोडावी. सांगून किंवा न सांगता कोठे तरी निघून जावे. हाती आलेला पैसा समोर दिसेल त्या गरजवंताला देऊन मोकळे व्हावे. इकडे बायको कधी माहेरी, कधी सासरी, कधी बहिणीकडे, नवऱ्याची वाट पाहत बसलेली. काही अपत्ये बाळपणीच गेली. १८९१ साली देवदत्त, म्हणजे दत्तू, हा मुलगा झाला व तो जगला.

चरित्रे लिहिणारांस एक खोड असते, ती म्हणजे चरित्रनायकाच्या घरात कधी भांडे वाजलेच नाही असे दाखविण्याची. लक्ष्मीबाईंस ती नव्हती. नवराबायकोची कडाक्याची भांडणे, रुसणे, अबोले, आणि त्यानंतरची समेट, हे सर्व त्यांनी जसेच्या तसे लिहिले आहे. त्यांत स्वतःची फजिती सांगताना तर त्यांची लेखणी फारच खुलते. टिळक त्यांना रागावले तसेच त्यांनी त्यांना लिहावयास वाचावयासही शिकविले. त्या काळी बायकोला अक्षरे शिकविणारा नवरा विरळा. ही शाळा कधी दोन दिवस चाले, कधी दोन महिने बंद पडे, आणि गुरुजींचा संताप झाला की शिष्येचे रडे सुरू होई. तरी त्या अर्ध्यामुर्ध्या शाळेतून एक लेखिका बाहेर पडावयाची होती हे त्या दोघांपैकी कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

टिळकांच्या मनाची तळमळ अखेर धर्माच्या विषयात येऊन स्थिरावली. नागपूर सोडून ते राजनांदगावकडे निघाले असता आगगाडीत एका परक्या गोऱ्या गृहस्थाची गाठ पडली. त्याने त्यांना नवा करार वाचावयास दिला. पुढे पुष्कळ मंथन होऊन १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवा करार वाचून एका मराठी पंडिताचे हृदय पालटले, ही गोष्ट आम्ही धर्मगुरू प्रवचनांतून मोठ्या आनंदाने सांगतो. परंतु त्याच वेळी दुसरीकडे तिशीही न गाठलेली एक बाई, पदरी साडेतीन वर्षांचे मूल घेऊन, पायाखालची जमीन सरकल्यासारखी उभी होती, हे सांगावयाचे मात्र बहुधा राहून जाते. लक्ष्मीबाईंवर ही बातमी वीज पडावी तशी पडली. नवरा जिवंत, तरी घरच्यांच्या लेखी गेल्यासारखा. ती धड सधवा नाही, धड विधवा नाही. काही काळ त्यांचे चित्तही ठिकाणावर राहिले नाही. बहीण भिकूताई यांच्या आश्रयाने त्या पंढरपुरास राहिल्या, व पतिपत्नींचा हा वियोग चार-पाच वर्षे टिकला.

या वर्षांवर आम्ही थोडे अधिक थांबतो, कारण आपल्या धर्मग्रामात ही गोष्ट परकी नाही. एकाच छपराखाली मुलगा व सून मिस्साला येतात, आणि म्हातारी आई आपल्या देवघरात दिवा लावते, अशी घरे आपणांस ठाऊक आहेत. मुलगा आईवर रुसतो, आई मुलावर. मध्ये नातवंडे गोंधळतात. टिळकांनी या प्रसंगी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी दुसरा संसार मांडला नाही. पत्रे पाठवीत राहिले आणि वाट पाहिली. शेवटी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे अहमदनगरास आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी म्हणून मुळीच आल्या नाहीत; त्या आपल्या नवऱ्याकडे आल्या. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे, सोवळे निराळे. ज्या घरात नवरा ख्रिस्ताची सुवार्ता सांगे त्याच घरात बायकोला स्वयंपाकाला निराळे पाणी लागे, आणि नवऱ्याने तशी व्यवस्था करून द्यावी! टिळकांच्या उतावळ्या स्वभावाचे वर्णन वर आलेच आहे. तो मनुष्य या एका बाबतीत मात्र धीर धरून राहिला, ही आम्हांस त्यांच्या कवितेइतकीच मोठी गोष्ट वाटते.

आणि मग लक्ष्मीबाई स्वतःच विचार करू लागल्या. त्यांचा विचार शास्त्र्यांचा नव्हता, बायकांचा होता. स्वयंपाकघरातून सुरू झालेला. देवाने पशूंच्या जाती निरनिराळ्या केल्या त्या डोळ्यांना दिसतात. परंतु माणसामाणसांत तसा भेद कोठे दिसतो? मग हा भेद देवाने केला की माणसांनी? वडिलांच्या घरी धुऊन धुऊन झिजलेल्या वस्तू त्यांनी पाहिल्या होत्याच. एकदा हा विचार मनात पक्का झाल्यावर त्या अर्ध्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आपणांस आता हरकत नाही, असे त्यांनी नवऱ्यास सांगून टाकिले. म्हणजे पाहा, आधी विटाळ गेला, आणि बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली आला. पुष्कळांच्या बाबतीत क्रम याच्या उलट असतो; स्नानसंस्कार होऊन पिढ्या लोटतात आणि विटाळ घरातच असतो. लग्ने जुळविताना कोण कोणत्या वस्तीतला, ही चौकशी आपल्याकडे आजही कानी येते, तेव्हा लक्ष्मीबाईंचा क्रम आम्हांस वारंवार आठवतो.

त्या नवऱ्याच्या मागून चालत गेल्या असे म्हणण्याची वहिवाट आहे. १९५० साली जोसेफिन इंकस्टर यांनी त्यांच्या आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर केले, त्यालाही नाव दिले आहे ते 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे मी मागून येते, अशा अर्थाचे. नाव गोड आहे, पण त्यात निम्मेच सत्य आहे असे आमचे मत आहे. लक्ष्मीबाई ज्या मुक्कामाला पोचल्या तेथे टिळक आधी पोचले होते हे खरे. परंतु वाट त्यांनी स्वतःच्या पायांनी चालली. नवऱ्याने ओढून नेलेली बाई नवरा गेल्यावर परत फिरली असती.

त्यांचे ख्रिस्ती जीवन सुरू झाले ते दुष्काळात. १८९९-१९०० चा तो दुष्काळ साऱ्या महाराष्ट्रात व आपल्या निजामी मुलखातही मोठा भयंकर झाला. अनाथ झालेली मुले मिशनांच्या दारी येऊन पडली. नगर व राहुरीकडील वास्तव्यात अशा मुलांची पोटे, खरूज व रडे यांच्याशी लक्ष्मीबाईंचा रोजचा संबंध आला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत प्लेगची साथ आली, तेव्हा लोक गाठ पाहून घर सोडून पळत असता या बाई आजारी मुलींच्या शुश्रूषेला राहिल्या. काही वर्षांपूर्वी परक्याचे पाणी न चालणारी ती हीच बाई. आम्ही हे लिहिले म्हणून त्या मोठ्या शूर असाव्यात असे कोणी समजू नये. स्वतःच्या भित्रेपणाच्या कितीतरी गोष्टी त्यांनीच सांगितल्या आहेत. भीती वाटत असताच त्या गेल्या.

टिळकांचे घर म्हणजे धर्मशाळा. विद्यार्थी, निराधार मुले, कवी, वाट चुकलेले, कोणीही यावे आणि राहावे. यजमानांनी पाहुणा आणावा आणि घरात पीठ आहे की नाही हा विचार बाईंनी करावा, अशी कामाची वाटणी होती. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. तेथे धरणगावचा सतरा वर्षांचा एक मुलगा टिळकांच्या नजरेस पडला, आणि त्यांनी त्याला आपल्या घरी आणिले. तो त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे मराठीतले बालकवी. लक्ष्मीबाईंनी त्याला दत्तूसारखेच वाढविले, खाऊ घातले, रागावले. ब्राह्मण कुळातला हा मुलगा त्या ख्रिस्ती घरात पोटच्या पोरासारखा राहिला, आणि त्याला ख्रिस्ती करण्याचा प्रश्नच कोणी काढिला नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून त्याचा अंत झाला; वय अवघे सत्तावीस. पोटच्या मुलांचे मरण पाहिलेल्या त्या माउलीला हेही पाहावे लागले.

टिळकांचे शेवटचे दिवस पुन्हा वणवणीचे गेले. १९१७ साली मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यास गेले व तेथे त्यांनी देवाचा दरबार स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, असा त्यांचा मनोदय होता. या कल्पनेविषयी आम्हा कॅथलिकांस बोलावयाचे पुष्कळ आहे, परंतु ते येथे नको. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यामागे पैसा नव्हता. होती ती एक अपुरी पोथी.

ही पोथी म्हणजे 'ख्रिस्तायन'. प्रभू येशूचे चरित्र मराठी माणसाच्या कानाला रुचेल अशा पुराणाच्या रीतीने गावे, ही टिळकांची महत्त्वाकांक्षा होती. परंतु दहा-अकरा अध्याय लिहून होतात न होतात तोच मरण आले. हे काम आता कोण पुरे करणार? मोठमोठे विद्वान होते. पण पोथी पुढे चालविली ती या बाईंनी, की ज्यांची शाळा म्हणजे रागीट नवऱ्याने अधूनमधून दिलेले धडे. त्यांनी एकूण चौसष्ट अध्याय लिहिले. शेवटचा अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहिला व शहात्तर अध्यायांची ती पोथी १९३८ साली प्रसिद्ध झाली. चौसष्ट अध्याय! आमच्या सेमिनरीच्या दिवसांत दोन पानांचा निबंध लिहावयाचा झाला तर आम्हांस घाम फुटत असे. ही बाई पन्नाशी उलटल्यावर बसते काय, आणि चौसष्ट अध्याय उठविते काय!

आपल्या कॅथलिक परंपरेत असे काम पूर्वीच होऊन गेलेले आहे, हे येथे सांगितले पाहिजे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोमंतकात राहून मराठी आपलीशी केली, आणि १६१६ साली राचोल येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ते कार्य मोठ्या पंडिताचे. इंग्लंडात जन्मलेल्या त्या धर्मगुरूने ओवी प्रयत्नाने हस्तगत केली. लक्ष्मीबाईंच्या कानांवर मात्र ती बाळपणापासूनच पडलेली असणार. जात्यावर दळणाऱ्या बायका पहाटे जी गातात तीच ओवी; ज्ञानेश्वरांनी ग्रंथात बसविली तीही तीच. आपल्या नांदेड-लातुराकडच्या आजीबाईंना आजही शेदोनशे ओव्या सहज येतात, आणि त्यांतल्या कित्येकजणींस सही करता येत नाही. अक्षर येण्यापूर्वीच काव्य येते, हे विद्वानांस पटवावे लागेल; आपल्या घरातल्या बायकांस पटवावे लागणार नाही. ख्रिस्ताचे चरित्र एकदा परदेशी पंडिताने मराठीत आणिले, आणि तीनशे वर्षांनी एका मराठी बाईने ते पुरे करून दाखविले. या दोन्ही ग्रंथांतील चार-चार ओव्या उपवासकाळात आपल्या प्रार्थनासभांतून का वाचिल्या जाऊ नयेत, हे आम्हांस कळत नाही.

आता आजीपणाकडे येतो. नवऱ्याच्या पश्चात काही वर्षे त्यांची फिरतीत गेली. पुढे नाशकास मुलाच्या संसारात त्या स्थिरावल्या. घरात सून होती, नातवंडे होती. त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांचा जन्म १९२६ सालचा. जलालपुराहून निघालेली मनू पंढरपूर, नगर, राहुरी, सातारा, मुंबई असा फेरा घालून पुन्हा त्याच गोदावरीच्या काठी आली होती. नाशिक तेव्हा आजच्यासारखे अफाट शहर नव्हते. तीर्थाचे, घाटांचे, एकमेकांस ओळखणारांचे गाव होते. ज्या गावात आपण ब्राह्मणाच्या पोरी म्हणून वावरलो त्याच गावात ख्रिस्ती आजी म्हणून राहावयाचे, आणि तेही तोंड चुकवून नव्हे, ही लहान गोष्ट नाही. पुढे तर त्यांच्या लिखाणामुळे सनातनी घरांतूनही त्यांचे नाव प्रेमाने घेतले जाऊ लागले.

त्यांच्या आठवणी लिहून काढण्याचा आग्रह देवदत्तांचा. आईच्या तोंडून ऐकिलेल्या गोष्टी आईनेच कागदावर उतरवाव्यात, असे त्यांच्या मनाने घेतले. बाईंनी लिहावयाचे, मुलाने ते नीट लावावयाचे, असे चालले. त्यातून 'स्मृतिचित्रे' हा ग्रंथ झाला. पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा लेखिकेचे वय सहासष्ट होते. महाराष्ट्राने आजवर असे पुस्तक पाहिले नव्हते. त्यात पाल्हाळ नाही, अलंकार नाहीत, संस्कृत शब्दांची गर्दी नाही. ओसरीवर बसून आजीने गोष्ट सांगावी आणि भोवती नातवंडांनी, शेजारणींनी हसून हसून पुरेवाट करून घ्यावी, मधेच एकदम कोणाच्या डोळ्यांत पाणी यावे, असे ते लिखाण आहे. आम्ही अनेक आध्यात्मिक ग्रंथ वाचले. संत ऑगस्टीन यांची 'कबुली' आम्हांस अर्थातच त्यांत श्रेष्ठ वाटते. परंतु देवाने आपल्या आयुष्यात कोठकोठे हात घातला हे ओळखण्यासाठी माणूस विद्वानच असला पाहिजे असे नाही, याचा पुरावा म्हणून आम्ही 'स्मृतिचित्रां'कडे बोट दाखवितो. त्यात परमेश्वराचे नाव पानोपानी येत नाही. तरी पुस्तक मिटल्यावर वाटते की या घरात कोणी तरी शांतपणे वाट पाहत बसला होता.

एक गोष्ट मात्र आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावी. बाईंनी हे सर्व मोकळ्या वेळात लिहिले असेल, असे कोणास वाटत असल्यास त्यांनी आपल्याच घरातल्या आजीचा दिवस मोजून पाहावा. आयुष्यभर दुसऱ्यांचे अपुरे राहिलेले पुरे करणे, हेच त्यांचे काम होते: नवऱ्याने आणिलेल्या पाहुण्यांचे जेवण, टाकलेल्या लेकरांचे बालपण, अर्धी राहिलेली पोथी. लेखन हे त्यांतलेच एक काम म्हणून त्यांनी केले, आणि भाकऱ्या थापाव्यात तितक्याच निगुतीने केले.

'स्मृतिचित्रे' लिहून पुरी व्हावयाच्या आतच २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशकास लक्ष्मीबाई प्रभूच्या घरी गेल्या. नवऱ्याची पोथी त्यांनी पुढे नेली होती. त्यांचे राहिलेले आता मुलाने पुरे केले, आणि चौथा भाग देवदत्तांच्या हातून सिद्ध झाला. त्यांच्या कवितांचा संग्रह 'भरली घागर' या नावाने मागाहून निघाला. आजी गेली तेव्हा नातू अशोक दहा वर्षांचेही नव्हते. पुढे मोठेपणी आजीच्या या ग्रंथाची टिपांसह आवृत्ती सिद्ध करण्याचे काम त्यांनी केले. २०१७ साली शांता गोखले यांचे नवे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, त्यामुळे परदेशी वाढणाऱ्या नातवंडांचीही सोय झाली आहे.

'स्मृतिचित्रां'ची एक प्रत धर्मग्रामाच्या वाचनालयात ठेविली आहे. रविवारी मिस्सानंतर ती नेता येईल. परत आणण्यास महिनाभर लागला तरी चालेल. ज्या आजीबाईंस वाचता येत नाही त्यांना नातवंडांनी रोज रात्री दोन-दोन पाने मोठ्याने वाचून दाखवावीत, आणि वाचता वाचता आजीला स्वतःचे काही आठवले तर पुस्तक बाजूस ठेवून वहीत ते लिहून घ्यावे. अशा वह्या आमच्याकडे आणून दिल्यास आम्ही त्या दप्तरात जपून ठेवू.